कापूस घरात असेपर्यंत

दिवाळी संपली की दिग्रसच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. शेतातून निघालेली भरगच्च गाडी वळणावर काट्यांना घासते, एक पुंजका अडकून राहतो, मागून येणारी गाडी त्यात आणखी एकाची भर घालते. थोड्याच दिवसांत रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसू लागतात. परगावचा माणूस एसटीच्या खिडकीतून विचारतो, ही कसली फुले? गावचा माणूस बाहेर बघतही नाही.

यंदाही त्या कडा पांढऱ्या झाल्या आहेत. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागली आहे. आज काय भाव निघाला, ही चौकशी चहाच्या टपरीपासून तहसीलच्या पायरीपर्यंत चालू आहे. या दिवसांत इथे ज्या आठवणी निघतात त्या बहुधा भावाच्या असतात. अमुक वर्षी चढला, तमुक वर्षी ऐन वेचणीत पाऊस आला. ही आठवण मात्र दोन स्पीकरांची आहे. त्यांचा कापसाशी काय संबंध, हे कळायला एक अख्खा हंगाम जावा लागला होता. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत असूनही.

ती खोली गुणवंत सरांची. सर शाळेत मराठी शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेरच्या नव्या वस्तीत स्लॅबचे घर बांधले. समोरची खोली मोठी, भिंती पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या, खाली चकचकीत टाईल्स. शेती जवळच्या खेड्यात होती आणि ती पुतण्या विलास बघायचा. दिग्रसच्या घरात सर आणि त्यांच्या पत्नी कमलताई, दोघेच. समोरच्या खोलीत त्यांनी सोफा घेतला नाही, शोकेस घेतली नाही. तिथे दोन स्पीकर उभे केले.

उभे, हाच शब्द बरोबर आहे. टेबलावर किंवा फळीवर ठेवायचे स्पीकर वेगळे. हे जमिनीवर उभे राहणारे होते, माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, शिसवी रंगाचे, समोरून अरुंद आणि मागे खोल. पुढची जाळी काढली की एकाखाली एक गोल पडदे दिसत. वरचा रुपयाएवढा, खालचे ताटलीएवढे. नागपूरच्या एका डॉक्टरांनी परदेशी मुलाकडे कायमचे जायचे ठरवून घर आवरले, तेव्हा ते सरांकडे आले. कंपनीचे नाव गावात प्रत्येक जण वेगळे उच्चारायचा, त्यामुळे सगळे त्यांना नुसते ‘टावर’ म्हणू लागले. विलासने ते पिकअपमधून गोधड्यांत गुंडाळून आणले. उतरवताना शेजारच्या बाईंनी विचारले, “सर, कपाटं आनले काय?”

“नाई, माय,” सर म्हणाले. “आवाज आनला.”

रविवारी दुपारी ऐकणे असायचे. वर्तमानपत्राचे काम रविवारी दुपारी मंद असते, त्यामुळे मीही जात असे. ऐकायला येणाऱ्यासाठी नियम एकच होता. मत दिल्याशिवाय चहा नाही. आणि ‘चांगलं’ हे मत धरले जात नसे.

“चांगलं म्हंजे काय?” सर खुर्चीतून विचारत. “भाजी चांगली, जावई चांगला अन् टावरही चांगलाच? शब्द शोधा. मराठी काय येवढी गरीब हाय?”

नेहमीचे श्रोते दोन. एक सलीमभाई. त्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा जुना धंदा. लग्न, उरूस, जयंती, प्रचारसभा, तालुक्यातला प्रत्येक मोठा आवाज त्यांच्या कर्ण्यांतून गेलेला. आवाज म्हणजे किती दूर जातो ते, ही त्यांची व्याख्या. पहिल्या दिवशी ते स्पीकरभोवती एक चक्कर मारून आले, बाहेर फाटकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “सर, आवाज साफ हाय. बिलकुल साफ. पन फाटकाजवळ काईच नाई पोचत. येवढा मोठा डब्बा अन् शेजाऱ्याले पत्ता नाई, तं फायदा काय?”

“शेजाऱ्याले कायले पाह्यजे?”

“मंग आवाज कोनासाठी असते, सर?”

दुसरे बँकेचे साठे साहेब. बदलीवर आलेले, मूळचे पुण्याचे. ते डोळे मिटून ऐकत. त्यांच्याजवळ शब्दांची टंचाई नव्हती. वरचा पट्टा किंचित धारदार आहे, खालचा स्वर सैल आहे, गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध उभी दिसायला हवी ती उजवीकडे सरकली आहे, तबला तिच्या मागे हवा तो ऐकणाऱ्याच्या मांडीवर येतो आहे. या सगळ्याला ते ‘साउंडस्टेज’ म्हणत. हेच टावर ज्यांच्याकडे आहेत अशा जगभरच्या मालकांची मते ते फोनवर वाचत आणि सरांना मराठी करून सांगत. कोणी मालक म्हणे, हे स्पीकर तापट आहेत. कोणी म्हणे, थंड आहेत. एकाने लिहिले होते की भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर त्याच्या घरात पियानो पहिल्यांदा लाकडाचा झाला.

“आधी कायचा होता?” सलीमभाईंनी विचारले.

“म्हणजे लाकडासारखा वाजू लागला, असं.”

“साहेब, तुम्ही लोक ऐकता कमी अन् पाह्यता जास्त.”

मते ऐकून सर स्पीकर हलवत. एकदा आत वळवले, एकदा बाहेर. एकदा खाली काळ्या दगडाच्या लाद्या ठेवल्या. शहनाई लावली, मारवा लावला, जुनी सिनेमाची गाणी लावली. प्रत्येक वेळी काही सुधारले, काही बिघडले. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता हे आज कळते. तेव्हा नव्या घराचा तो आवाजच सगळ्यांच्या कानांत बसलेला होता.

शेवटी सर एक कॅसेट लावत. खरे तर सगळा खटाटोप तिच्यासाठी होता.

कमलताई तरुणपणी गात. जयंतीला खेड्यातल्या विहारासमोर बायका पाळणा म्हणायच्या. पहिले कडवे कमलताईंचे असे आणि बाकीच्या त्यांच्यामागून येत. पुढे त्यांच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि आवाज बदलू शकेल असेही सांगितले. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सरांनी शाळेतला टेपरेकॉर्डर घरी आणला, खेड्यातल्या घरात पत्नीला समोर बसवले आणि तो पाळणा टेप केला. ऑपरेशन नीट झाले. आवाज गेला. राहिली ती वाळल्या पानांसारखी एक कुजबुज. ती हातभर अंतरावर ऐकू येई, त्यापलीकडे नाही. दिग्रसच्या त्या मोठ्या, घुमणाऱ्या खोलीत तर ती उंबऱ्यातच विरून जाई. सरांना हाक मारायची तर कमलताई स्वयंपाकघराच्या चौकटीवर बांगडी वाजवत. एकदा वाजली तर चहा, दोनदा वाजली तर कोणी आले आहे, आणि वाजतच राहिली तर दूध उतू गेले.

ती कॅसेट सरांनी आयुष्यभर वेगवेगळ्या यंत्रांवर वाजवून पाहिली होती. छोट्या टेपवर, शाळेच्या डेकवर, बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाने घेतलेल्या म्युझिक सिस्टिमवर. प्रत्येक वेळी त्यांनी पत्नीला विचारले आणि प्रत्येक वेळी कमलताईंनी मान हलवली. तो आवाज आपला नव्हे. साठे साहेबांनी समजावले की आपला आवाज आपण हाडांतून ऐकतो, म्हणून टेपवरचा प्रत्येकालाच परका वाटतो. कमलताईंनी शांतपणे ऐकून घेतले, जवळ येऊन साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि आत गेल्या.

“काय म्हणाल्या?” सरांनी विचारले.

“म्हणाल्या, हाडं मलेही हायेत.”

कॅसेट सुरू झाली की आधी थोडी खरखर, मग एक खोकला, मग तरुण सरांचा आवाज, “हं. सुरू झालं. म्हन.” आणि मग पाळणा. तो खोकला आणि ते तीन शब्द यायला लागले की सर अवघडून हात हलवत. “ते सुरुवातीचं सोडा,” ते म्हणत. “त्याच्यावर मत नाई पाह्यजे.”

पत्नीला तिचा आवाज एकदा तिचा वाटावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. टावर त्यासाठी आले होते. आणि टावरांसमोरही कमलताईंनी मान हलवली होती.

त्या वर्षी खेड्यातल्या घराची टिनाची छपरे बदलायला काढली होती. कापूस ठेवायला जागा नव्हती. या भागात कापूस वेचला की लगेच विकला जातोच असे नाही. भाव चढेल या आशेने तो घरात भरला जातो, आधी कोठ्यात, मग मधल्या खोलीत, मग माणसे झोपतात तिथे. लग्न ठरलेल्या घरात पाहुण्यांना कापसावर सतरंजी टाकून बसवलेले अनेकांनी पाहिले आहे. विलास पिकअप घेऊन थेट दिग्रसला आला.

“मोठेबाबा, समोरच्या खोलीत टाकतो.”

“तिथं टावर हायेत.”

“टावराले काय कापूस खाते काय?”

कमलताईंनी चौकटीवर बांगडी एकदाच वाजवली. टाका, असा तिचा अर्थ घेतला गेला. मागच्या भिंतीपासून दोन्ही बाजूंनी कापूस चढत गेला, खांद्याच्या वर, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत. विलास वर चढून तो तुडवत होता. समोर टावर, अँप्लिफायर आणि सरांची खुर्ची एवढी जागा उरली. अँप्लिफायरभोवती सरांनी विटांची बुटकी भिंत रचली आणि खोलीत उदबत्ती लावायला मनाई केली.

कापूस भरलेल्या खोलीला एक वास असतो. सरकीच्या तेलाचा, वाळलेल्या पानाचा, उन्हाचा. खिडकीतून येणारा प्रकाश आत येता येता दुधाळ होतो. अंगाला खाज सुटते, आणि दोन दिवसांनी खाज सुटली आहे हेही माणूस विसरतो. शेजारची मांजर ढिगाच्या टोकाला खळगा करून झोपते. अशा खोलीत शिरणारी माणसे आपोआप आवाज उतरवतात. का, ते कोणी कोणाला विचारत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी शहनाई लावली आणि साठे साहेबांनी डोळे उघडले.

“काय केलंत, सर?”

“काई नाई.”

“काहीतरी केलंत. ती मधोमध आहे. आणि मागे भिंत नाही. भिंतच नाही!”

त्या दुपारी तीन मते पडली. साठे साहेबांचे म्हणणे, नव्या घरात टावर रुळायला वेळ लागतो, ते आता मोकळे झाले आहेत, जगभरच्या मालकांचा हाच अनुभव आहे. सलीमभाईंचे म्हणणे, आठवड्यापूर्वी आपण जी जाड वायर जोडून दिली आणि अर्थिंग नीट केले, त्याचा हा परिणाम. सरांना वाटले, काळ्या लाद्या. तिघेही कापसात पाठ टेकून बसले होते. कपड्यांना कापूस चिकटला होता. तो तिघांनी घरी जाऊन झटकला असेल. या गावात मागसरात, म्हणजे मार्गशीर्षात, घरात कापूस असणे म्हणजे छताला पंखा असणे. तो धरून कोणी हिशेब मांडत नाही.

मग कॅसेट लागली. खरखर, खोकला. “हं. सुरू झालं. म्हन.” सरांनी हात हलवला. कमलताई स्वयंपाकघराच्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पाळणा सुरू झाला. पहिले कडवे संपायच्या आत त्यांचे हात थांबले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मान वर केली. गाणे संपले, टेपची खरखरही संपली.

“हाव,” त्या म्हणाल्या. “मीच होय ते.”

खोलीतल्या आम्हा चौघांनाही ते नीट ऐकू आले.

सर उठले आणि स्वतः चहा करायला गेले. त्या चहात साखर नव्हती. सलीमभाई तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. साठे साहेब बोलायला निघाले होते, त्यांच्या गुडघ्यावर सलीमभाईंनी हात ठेवला.

त्यानंतरचे काही आठवडे हा त्या हंगामाचा गाभा. कमलताई आता रोज कॅसेट मागत आणि ऐकून मत देत. इतकी वर्षे इतरांनी दिलेल्या मतांपेक्षा ती कडक होती. “तिसऱ्या कडव्याले दम तुटला माहा.” “इथं मी घाई केली, दवाखान्याची बॅग भरायची होती.” “हे वरचं बरोबर लागलं. हे बरोबरच लागे माहं.” त्या बोलत होत्या, आणि त्या खोलीत ते ऐकू येत होते. त्यांनी शेजारणीची नक्कल केली. सलीमभाईंना विचारले की भाभींना कधी आणता. साठे साहेबांना म्हणाल्या, “साहेब, डोये मिटून ऐकता, झोप नाई ना लागत?” चौकटीवरची बांगडी त्या दिवसांत वाजली नाही. आमच्यापैकी कोणाला त्या एवढ्या विनोदी आहेत हे माहीत नव्हते. सरांना असावे, पण तेही विसरले असावेत.

बाहेर भाव हलत होता. एकदा चांगला चढला. वस्तीत ज्यांच्या घरी कापूस होता त्यांनी सरांच्या घराकडे पाहिले. सरांचा कापूस हलत नव्हता. सर पेपर वाचणारे, बँकेचे साहेब दर रविवारी त्यांच्याकडे येणारे, पेपरवालाही येणारा. आतली काहीतरी बातमी असणार. मग त्यांनीही कापूस ठेवला. भाव उतरला. तरी सरांचा कापूस जागचा हलला नाही, तेव्हा बातमी आणखी मोठी असणार असे ठरले. प्रत्यक्षात सरांना कापसाची आठवणच नव्हती.

ती विलासला होती.

“मोठेबाबा, वेचनाऱ्या बाया मजुरीसाठी दारात येऊन राह्यल्या. थोडा तरी काढू द्या.”

सरांनी काढू दिला. डाव्या बाजूचा ढीग गेला. त्या रविवारी टावर बिघडले. डावीकडचा आवाज कर्कश झाला, शहनाई फाटल्यासारखी येऊ लागली, गायिका पुन्हा उजवीकडे सरकली. साठे साहेबांनी वायरी अदलाबदल केल्या. सलीमभाईंनी डावा टावर उघडायची तयारी दाखवली. कॅसेट लागली आणि कमलताईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सर रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात सांडलेला कापूस गोळा करत होते. धूळ नाकात गेली आणि त्यांना खोकला आला. खोकला समोरच्या भिंतीवर गेला आणि परत आला. सर तिथेच उभे राहिले. मग कापूस असलेल्या बाजूला जाऊन मुद्दाम खोकले. तो परत आला नाही. विलास दारातून हे पाहत होता.

“मोठेबाबा, तब्येत बरी हाय ना?”

“कापूस होय रे,” सर म्हणाले. “कापूस!”

साठे साहेबांना हे कळले तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी टावरांच्या मालकांसाठी फोनवर लिहिले की खोली शांत करण्यासाठी भारतातल्या एका मालकाने सरकीसकट कापूस भिंतीलगत छातीच्या वर रचला आहे आणि परिणाम उत्तम आहे. दूरदेशीच्या एका मालकाने विचारले, हा कापूस कोणत्या कंपनीचा? साहेबांनी उत्तर दिले, आमच्या सरांच्याच शेताचा. त्यावर कोणीतरी हसण्याचे चित्र पाठवले. दुसऱ्याने विचारले, आणि तो विकतात केव्हा?

प्रश्न तोच होता. आता सरांना कळले होते की आवाज कशात आहे, आणि ते कापूस द्यायला तयार नव्हते. विलास रोज येऊ लागला. कापूस वाळत होता, हलका होत होता, वरचा थर पिवळा पडत होता. उंदीर आत शिरले होते.

“भाव येऊ दे,” सर म्हणत.

“भाव आला होता, मोठेबाबा. गेलाही. तुम्ही कायची वाट पाहून राह्यले?”

सर टावरांवरची धूळ पुसू लागत. विलासच्या मुलीची शाळा, पुढच्या हंगामाचे बियाणे, सगळे त्या ढिगात होते हे त्यांना माहीत होते. एका दुपारी मी, सलीमभाई आणि विलास तिथे असताना हेच बोलणे पुन्हा निघाले. कमलताई दारातून उठल्या आणि ढिगाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“विलास, उद्या गाडी आन.”

“कमल,” सर म्हणाले, “अन् आवाज?”

“माहा आवाज मी ऐकला. पोट भरून ऐकला. आता कायले पोराचा कापूस सडवता?”

“तो नाई. आत्ताचा. तुहा हा आवाज.”

 कमलताईंच्या बोटांत कापसाचा एक पुंजका होता, त्यातली सरकी त्या नखाने काढत होत्या.

“कापूस गेला तं जवळ येऊन बसत जा,” त्या म्हणाल्या. “जवळून ऐकू येतेच. तुमचीच खुर्ची दूर हाय.”

सलीमभाई खिडकीबाहेर बघू लागले. दुसऱ्या दिवशी गाडी आली. खोली रिकामी झाली, धुतली गेली, पुन्हा घुमू लागली. वस्तीतल्या बाकीच्यांनीही त्या आठवड्यात कापूस काढला आणि सरांना काय बातमी होती याचा अंदाज पुढे कितीतरी दिवस चालू राहिला.

त्यानंतर उपाय झाले. सलीमभाईंनी मंडपाचे जाड पडदे आणून टांगले. खोली लग्नघरासारखी दिसू लागली आणि आवाज थोडा निवळला. पिंजाऱ्याकडून गाद्या भरून आणून भिंतींना उभ्या केल्या. साठे साहेबांचे मत पडले की जवळपास आहे. कमलताईंचे मत पडले की जवळपास म्हणजे नाही. एकदा त्या सहज म्हणाल्या की टेप केला तेव्हाही मागसरच होता, खेड्यातल्या घरात कापूस भरलेला होता आणि त्या त्याच्यावर बसून गायल्या होत्या. सर हे विसरले होते. त्यांनी पाटी पुसावी तसा हवेत हात फिरवला आणि पुढे काही उपाय केला नाही.

फक्त खुर्ची हलवली. टावरांच्या समोरची, मापून ठेवलेली ती जागा सोडून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दाराशी नेली, कमलताईंच्या पाटाला लागून. साठे साहेबांना ते सहन होईना.

“सर, तिथून साउंडस्टेज मिळत नाही. अजिबात मिळत नाही.”

“मिळते,” सर म्हणाले.

पुढच्या वर्षी खेड्यातले छप्पर तयार झाले होते, तरी विलासने न विचारता कापूस दिग्रसला आणला. काही दिवस तो समोरच्या खोलीत राहिला, ऐकणे झाले, मग गाडी आली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. साठे साहेबांची बदली झाली. अजून दिवाळीनंतर त्यांचा फोन येतो, आणि तब्येतीची चौकशी व्हायच्या आत ते विचारतात, कापूस आला का? नेर गावाकडच्या एका शेतकऱ्याने म्हणे घरी म्युझिक सिस्टिम घेतली आणि कापूस विकण्याआधी गाणी ऐकायचा रिवाज सुरू केला. ही बातमी सलीमभाईंची आहे. तिला दुजोरा मिळालेला नाही.

सर गेले ते उन्हाळ्यात. खोली तेव्हा रिकामी होती. आलेल्या माणसांच्या बोलण्याने ती इतकी घुमत होती की कोण काय म्हणते ते कोणालाच कळत नव्हते. कमलताई दाराशी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. शेजारची खुर्ची कोणीतरी पाहुण्यांसाठी अंगणात नेली होती. ती संध्याकाळी सलीमभाईंनी परत आणून ठेवली.

या आठवड्यात विलासचा निरोप आला. भाव पहिल्याच दिवशी बरा निघाला होता, पण काकू म्हणतात, आधी घरी आण. रविवारी दुपारी गेलो तर खोली भरलेली होती. तोच सरकीचा वास, खिडकीत तोच दुधाळ प्रकाश, ढिगावर मांजर, बहुधा त्या मांजरीची नात. सलीमभाई आधीच पाठ टेकून बसले होते. धंदा आता मुलगा बघतो. त्यांना कानात यंत्र लावावे लागते. दाराशी खुर्ची होती, शेजारी पाटावर कमलताई. विलास ढिगाच्या कडेला उभा होता.

कमलताईंनी स्वतः उठून कॅसेट लावली. थोडी खरखर झाली. मग खोकला आला. मग दोन टावरांच्या मधोमध, मागे भिंत नसल्यासारखा, एक तरुण शिक्षक म्हणाला, “हं. सुरू झालं. म्हन.”

त्यांनी बटण दाबले आणि टेप थांबवली. पाळणा सुरू झाला नाही. टेप मागे घेतली आणि पुन्हा तेवढेच ऐकले. मग त्या आमच्याकडे वळल्या. मत द्यायची वेळ होती. 

सलीमभाईंनी कानातले यंत्र नीट बसवले.

“भाभी,” ते म्हणाले, “मी आयुष्यभर पाह्यलं, आवाज किती दूर जाते. हा तं लय दुरून आला.”

कमलताईंनी मान हलवली नाही. आत जाऊन चहा आणला, सलीमभाईंना आधी दिला. मग विलासकडे बघून म्हणाल्या, “उद्या गाडी आन.”